कधी चालते, कधी रुसते : गाडीच्या रिमोट चावीचे दुखणे आणि त्याचे निदान

गोष्ट गेल्या श्रावणातली. नीरा उजव्या कालव्याच्या भिजीत आमच्या मंडळातील एक वस्ती आहे. चार घरे, ऊस, थोडा मका, दावणीला दहा-बारा जनावरे. पावसाने ओढ दिलेली आणि शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीला. रात्री एकच्या सुमारास उसाला पाणी देणाऱ्या एका तरुणाच्या पायाला साप डसला. पोरगा कसाबसा बांधावर येऊन बसला आणि त्याने हाक दिली.

वस्तीवर चारचाकी एकच, ती आबांची. आबा धावत गाडीपाशी आले, खिशातील रिमोट काढला, बटण दाबले. दार उघडेना. पुन्हा दाबले, पाठमोरे फिरून दाबले, चावी तळहातावर आपटून दाबले. दार जागचे हलले नाही. मुलगा नोकरीला बारामतीला, सूनबाई माहेरी गेलेल्या. दहा-बारा मिनिटे अशी गेली. शेवटी शेजारच्या पोरांनी मोटारसायकल काढली, त्याला दोघांच्या मध्ये बसवले आणि नऊ किलोमीटरवरील सरकारी दवाखाना गाठला. लस वेळेवर मिळाली आणि पोरगा वाचला. आज तो पुन्हा उसात पाणी धरतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी सहज बटण दाबले, तर दार पहिल्या दाबाला उघडले! मला हे सांगताना आबांचे डोळे भरून आले होते. "साहेब, एवढी मोलाची गाडी दारात उभी, अन् वेळेला तिनं तोंड फिरवलं. साफ बिघडली असती तर दुरुस्त तरी केली असती. ही कधी चालती, कधी न्हाई. काय समजायचं माणसानं?"

मंडळी, आबांचे हे वाक्य आज अनेक घरांत ऐकू येते. नवी असो वा जुनी, गाडी खेड्यापाड्यांत पोहोचली आहे आणि तिच्याबरोबर ही बटणाची चावीही आली आहे. मी गाड्यांचा मेस्त्री नव्हे. उभा जन्म पिकांची पाने उलटसुलट करून पाहण्यात गेला. पण दुखणे कधी दिसते, कुठे दिसते आणि कशाने हटते, हे क्रमाने पाहण्याची सवय या कामात उपयोगी पडली. त्या वस्तीवर काय सापडले आणि आपण घरच्या घरी काय पाहू शकता, ते आज सांगतो.

चावी आणि गाडी यांचे बोलणे

आधी हे यंत्र चालते कसे ते पाहू. दुरून मोटारीचे दार उघडण्याची सोय १९८२च्या सुमारास फ्रान्समधील रेनो कंपनीच्या फ्यूगो या गाडीत आली. तेव्हा ते काम आपल्या टीव्हीच्या रिमोटसारखे, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने होई. आताच्या चाव्या रेडिओलहरींनी बोलतात. आपल्याकडील बहुतेक गाड्यांच्या चाव्या ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर वापरतात. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी ३१५ मेगाहर्ट्झची लहर चालते. चावी म्हणजे एक चिमुकले आकाशवाणी केंद्र आणि गाडीत बसवलेला असतो त्याचा ट्रान्झिस्टर, असे समजा.

म्हणूनच मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून "उजेड दिसतो का" ही टीव्हीच्या रिमोटची परीक्षा येथे कामाची नाही. त्यात काही दिसले नाही, म्हणून चावी मेली असे समजू नये.

चावी दर वेळी तोच निरोप पाठवत नाही. चोराने लहर पकडून ठेवली तरी तिचा उपयोग होऊ नये, म्हणून प्रत्येक दाबाला सांकेतिक आकडा बदलतो. पुढचा आकडा कोणता असणार हे गाडीला ठाऊक असते आणि दोघांचा हिशेब बरोबरीने पुढे सरकतो. घरात बसून एखाद्या पोराने शेकडो वेळा बटण दाबले, तर चावीचा हिशेब फार पुढे जातो, गाडी मागे राहते आणि ओळख तुटू शकते. याच कारणाने दुसऱ्याची जुनी चावी बाजारातून आणून चालत नाही. ती आपल्या गाडीला ओळखवून घ्यावी लागते.

ज्या गाड्या बटण दाबून सुरू होतात, त्यांत आणखी एक सोय असते. आपण दाराच्या मुठीला हात लावला की गाडी हलक्या लहरीने चावीला हाक मारते. ही हाक चार-पाच फुटांपलीकडे फारशी जात नाही. खिशातील चावीने ती ऐकली की ती उत्तर देते आणि दार उघडते. आबांची गाडी याच जातीची होती.

दुधाच्या वहीत आठ दिवसांची नोंद

आबांनी आधीच तीन उपाय करून पाहिले होते. तालुक्याच्या गावी एका घड्याळवाल्याकडून सेल बदलून घेतला होता. कोणी म्हणाले मोबाईलचा टॉवर आडवा येतो, म्हणून गाडी लिंबाखालून गोठ्याकडे नेऊन लावली होती. आणि गाडीच्या दुकानात दाखवली तर नव्या चावीचा खर्च पाच आकडी सांगितला होता. आबा त्या तयारीला लागलेही होते. दुधाचे बिल आले की चावी घ्यायची, असे ठरले होते.

मी म्हटले, "आबा, आठ दिवस थांबा. काहीच बदलू नका. फक्त लिहून ठेवा."

हे काम सूनबाईंनी घेतले. दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी रकाने आखले : वेळ, जागा, कोणी दाबले, किती दाबांत उघडले. आठ दिवसांनी मी गेलो तेव्हा पान भरले होते. त्यावरून चार गोष्टी दिसल्या.

पहिली : जागेचा संबंध नव्हता. गोठ्याकडे, बाजारात, देवळापुढे, सगळीकडे चावी कधी चालली, कधी नाही. म्हणजे टॉवर बिचारा निर्दोष.

दुसरी : वेळेचाही संबंध नव्हता.

तिसरी : अंतराचा संबंध नव्हता. चालायची तेव्हा वीस पावलांवरून चालायची. नाही तेव्हा दाराला चिकटून उभे राहिले तरी नाही.

चौथी गोष्ट मजेची होती. सूनबाईंच्या हातात चावी बहुधा पहिल्या दाबाला चालत होती, आबांच्या हातात निम्म्याहून जास्त वेळा नाही. घरात यावरून थट्टाही झाली होती. "चावीसुद्धा सूनबाईला वश आहे" असे आजी म्हणत.

मी दोघांनाही चावी कशी धरता ते दाखवायला सांगितले. आबा चावी तळहातावर आडवी ठेवून वरून अंगठ्याने हलके दाबत. सूनबाई उभी धरून मागून बोटाने आणि पुढून अंगठ्याने चिमटीत घट्ट दाबत. येथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. दाब दिला की चालते, सैल धरली की नाही. म्हणजे आत काहीतरी ढिले आहे.

जोडीची चावी आणि तिचा फसवा जबाब

अशा वेळी सर्वांत मोठी मदत जोडीच्या चावीची असते. गाडी घेताना दोन चाव्या मिळतात. एक खिशात राहते आणि दुसरी कपाटात इतकी जपली जाते की घरातले तिला विसरतात. आबांची दुसरी चावी अर्ध्या तासाने आजींच्या दागिन्यांच्या डब्यात सापडली.

ती घेऊन पाच पावलांवरून दाबली, गाडी गप्प. दाराला टेकून दाबली तेव्हा एकदाच कुलूप हलले. आबा लगेच म्हणाले, "बघा, दोन्ही चाव्या चालत न्हाईत. म्हंजी खोट गाडीतच हाय."

वाचकहो, येथे घाई केली असती तर आम्ही गाडी खोलायला नेली असती आणि खिसा रिकामा झाला असता. ती चावी चार वर्षे डब्यात पडून होती. तिच्यातील सेल तेव्हापासूनचाच. तिचा जबाब खरा मानायचा तर आधी तिला नवा सेल द्यायला हवा होता. येताना मी योग्य मापाचा एक नवा सेल आणलाच होता. तो तिच्यात बसवला आणि मग आम्ही रीतसर परीक्षा घेतली. आबांनी दाबायचे, सूनबाईंनी मोजायचे. तीस पावलांवरून वीस दाब, वीसच्या वीस बरोबर. गाडी निर्दोष ठरली. म्हणजे खोट आबांच्या खिशातील चावीत.

ती चावी उघडली. घड्याळवाल्याने घातलेला सेल काढला, तर त्याच्याखालून सिगारेटच्या पाकिटातील चांदीची एक घडी गळून पडली. आबा हसले. म्हणाले, "ती त्यानंच घातली. सेल हलत हुता म्हणून."

आपल्यापैकी साठीच्या घरातील मंडळींना ही युक्ती ठाऊक असेल. विजेरीचा सेल ढिला झाला की आपणही अशीच चांदीची घडी घालत होतो. पण चावीच्या पोटात ती बरी नव्हे. घडी सरकली की संपर्क तुटतो आणि चुकीच्या जागी टेकली तर सेल आतल्या आत संपतो.

आता सेल ढिला का? तर त्याच्यावर आकडा होता सीआर २०२५. आणि चावीच्या आत कोरलेला आकडा होता सीआर २०३२.

सेलवरचा आकडा वाचा

हा आकडा म्हणजे सेलचे माप आहे. पहिले दोन अंक रुंदी सांगतात, पुढचे दोन जाडी. २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. २०२५ म्हणजे तेवढाच रुंद, पण २.५ मिलिमीटर जाड. १६३२ म्हणजे १६ मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड. दोन्ही सेल ३ व्होल्टचे, दिसायला सारखे, पण जाडीत ०.७ मिलिमीटरचा फरक. एवढ्या फटीने त्या रात्री दार अडवले होते.

आबांना हे सहजी पटेना. गावात मोटार भरून देणाऱ्याकडील मीटर त्यांनी मागवला. पातळ सेल मोजला तर तीन व्होल्टच्या थोडा वर. "साहेब, सेल तर भरल्याला हाय!" खरेच, सेल भरलेलाच होता. तो नवा होता, पण योग्य नव्हता.

उसाला केवडा पडतो तेव्हा मी हेच सांगत आलो आहे. चुनखडीच्या रानात लोह असते, पण पिकाला घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात. शेतकरी म्हणतो युरिया कमी पडला आणि आणखी युरिया टाकतो. नत्र कमी पडले असते तर आधी जुनी, खालची पाने पिवळी झाली असती. वस्तू आत असणे वेगळे आणि ती जेथे लागते तेथे पोहोचणे वेगळे.

निदान पक्के करण्यासाठी आम्ही आणखी दोन गोष्टी केल्या. जोडीच्या चावीत बसवलेला तोच योग्य सेल काढून आबांच्या चावीत घातला. पुन्हा वीस दाब, वीसच्या वीस. मग मुद्दाम पातळ सेल परत घातला. आबांनी तळहातावर आडवी धरून दाबले, तर चावी पुन्हा रुसली. चिमटीत दाबले, तर चालली. उपायाने दुखणे गेले आणि उपाय काढताच परत आले, की मग शंका उरत नाही. या साऱ्यात खर्च झाला तो दोन सेलांचा, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये. पाच आकडी खर्च वाचला.

आपल्या चावीची खोट कशी ओळखाल?

प्रत्येकाचे कारण आबांसारखेच असेल असे नाही. म्हणून लक्षणांवरून निदान खाली देत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

१. पूर्वी दुरून चालत असे, आता जवळ जावे लागते. हे सेल उतरल्याचे लक्षण. रोजच्या वापरात सेल साधारण दोन-तीन वर्षे पुरतो. थंडीत सेलची ताकद कमी पडते, म्हणून मरणपंथाला लागलेला सेल हिवाळ्याच्या पहाटे आधी दगा देतो. मीटरवर २.८ व्होल्ट किंवा कमी दिसले, तर बदलाच. मात्र मीटरवर चांगला दिसणारा जुना सेलही काम पडताच ढेपाळू शकतो, म्हणून शंका आली तर नवा घालून पाहणे उत्तम.

२. अंतर कितीही असो, धरण्या-दाबण्यावर चालणे अवलंबून आहे. सेल चुकीच्या मापाचा, संपर्काच्या पट्ट्या वाकलेल्या किंवा चावी पडून आतला एखादा टाका सुटलेला. टाका सुटला असेल तर मोबाईल दुरुस्त करणारा कुशल कारागीर तो लावून देतो.

३. कुलूप लागते, पण उघडत नाही, किंवा उलट. एक बटण चालते म्हणजे सेल आणि लहर ठीक आहे. दुसरे बटण झिजले आहे. वरचे रबर फाटले असेल तर ते किंवा आतला छोटा खटका बदलता येतो.

४. दोन्ही चाव्यांत योग्य, नवे सेल आहेत, तरी कुठेच नीट चालत नाहीत. आता गाडीकडे पाहा. गाडीची मोठी बॅटरी उतरली आहे का, दिवे मंद लागतात का, घड्याळाची वेळ मागे पडते का? बॅटरी ठीक असूनही चालत नसेल, तर फ्यूज किंवा लहर पकडणारा भाग तपासायला जाणकाराकडे जावे.

५. दोन्ही चाव्या एकाच जागी चालत नाहीत, इतरत्र चालतात. त्या जागी दुसऱ्या लहरीचा अडथळा आहे. फाटकाचा रिमोट, बिनतारी घंटा, पंप चालू-बंद करण्याचा स्वस्त रिमोट अशा कितीतरी वस्तू त्याच लहरीवर बोलतात. एखाद्याचे बटण अडकून राहिले, तर तो अखंड ओरडत राहतो आणि त्या गोंगाटात गाडीला चावीचा आवाज ऐकू येत नाही. २०१९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात नॉर्थ ओल्मस्टेड या गावी एका वस्तीतील लोकांच्या गाड्यांच्या चाव्या आणि गॅरेजच्या दारांचे रिमोट एकाएकी चालेनासे झाले. शोध घेता घेता एका घरात गृहस्थाने हौसेने बनवलेले बॅटरीवरचे यंत्र सापडले. ते सतत ३१५ मेगाहर्ट्झवर लहर सोडत होते आणि आपल्यामुळे सारी वस्ती अडली आहे हे त्या गृहस्थाला माहीतही नव्हते. यंत्राची बॅटरी काढताच साऱ्यांच्या चाव्या चालू झाल्या.

६. एकच दार उघडत नाही, बाकीची उघडतात. चावीचा दोष नाही. त्या दारातील कुलपाची मोटार किंवा तिची वायर पाहा.

७. नव्या सेलनेही चावी पार मुकी, पण जोडीची चावी ठीक. पाणी शिरले असेल, किंवा पोरांच्या खेळात ओळख तुटली असेल. ओळख पुन्हा जोडण्याची रीत गाडीच्या पुस्तिकेत असेल तर करून पाहा, नाहीतर दुकानात जावे.

बाजारातही एक सवय लावा. गाडीला कुलूप लावून निघताना दाराची मूठ एकदा ओढून पाहा. अडथळ्याने किंवा चोराच्या मुद्दाम सोडलेल्या लहरीने बटणाचा निरोप पोहोचलाच नसेल, तर तेथेच कळते.

शेतकऱ्याच्या खिशातले खास शत्रू

आपल्या खिशात चावीला जे भोगावे लागते ते शहरातील चावीला नाही. युरिया हवेतील ओल ओढतो. पोटॅशमधील क्लोराइड तांब्या-पितळेला खाते. खत फोकताना चावी त्याच खिशात, वर घाम. मग आतल्या पट्ट्यांवर हिरवा-पांढरा थर आला तर नवल काय? खत टाकताना, फवारणी करताना, दारे धरताना चावी घरी खुंटीला ठेवावी. नेणे भागच असेल तर छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यावी.

पट्ट्यांवर थर आला असेल तर कापसाला स्पिरिट लावून हलके पुसावे. चिवट डाग शाळेच्या खोडरबराने निघतो. पॉलिश पेपर लावू नये, वरचा मुलामा जातो. रॉकेल-पेट्रोलही नको.

चावी पाण्यात पडली तर बटणे दाबून पाहण्याचा मोह आवरा. आधी सेल काढा, चावी उघडून पुसा आणि दोन दिवस सावलीत वाऱ्याला ठेवा. चुलीपाशी किंवा कडक उन्हात नको. पूर्वी ट्रान्झिस्टरचे सेल आपण उन्हात ठेवून चार दिवस जास्त चालवत होतो. या सेलांवर तो प्रयोग करू नये.

सेल बदलण्यापूर्वी उघडलेल्या चावीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे कोणती बाजू वर होती ते विसरायला होत नाही. अक्षरे आणि अधिकचे चिन्ह असलेली बाजू धन. सेल कडेने धरावा, दोन्ही बाजूंना एकदम बोटे लावू नयेत. बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीची चावी रात्री गाडीजवळच्या खिडकीत ठेवू नये. गाडी आणि चावी एकमेकींना हाका मारत राहिल्या तर सेल लवकर उतरतो.

मुकी चावी हातात असताना दार उघडण्याची वाट

आता सर्वांत महत्त्वाचे. त्या रात्री आबांच्या हातात गाडी उघडण्याचे साधन होते, पण त्यांना ते माहीत नव्हते. अशा बहुतेक रिमोटच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली दडवलेली असते. बाजूची छोटी कडी सरकवली की ती बाहेर येते. चालकाच्या दाराच्या मुठीपाशी तिचे भोक असते. काही गाड्यांत त्यावर प्लॅस्टिकची टोपी असते, ती अलगद काढावी लागते. या किल्लीने दार उघडल्यावर काही गाड्यांचा भोंगा वाजू लागतो. घाबरू नये, गाडी सुरू झाली की तो थांबतो.

दार उघडले, पण चावीत जीव नाही, मग गाडी सुरू कशी करायची? बऱ्याच गाड्यांत चावी सुरू करण्याच्या बटणाला टेकवून धरायची आणि ब्रेक दाबून बटण दाबायचे. काही गाड्यांत चावी ठेवण्याची वेगळी जागा असते. चावीतील ओळखीच्या तुकड्याला सेल लागत नाही, गाडी आपल्या लहरीने त्याला जागे करते. आपल्या गाडीची नेमकी रीत पुस्तिकेत चित्रासह असते. आजच ते पान काढून घरातील सर्वांना दाखवा.

जुना सेल आणि लहान मूल

त्या दिवशी एक प्रसंग घडला, तो सांगितलाच पाहिजे. आम्ही मीटर पाहण्यात गुंतलो असताना काढलेला सेल ओट्यावर पडला होता. आबांचा दोन वर्षांचा नातू तो चकचकीत तुकडा तोंडाकडे नेत होता. आजींनी झडप घातली म्हणून बरे.

बंधू-भगिनींनो, हा सेल नाण्यासारखा दिसतो, पण नाण्यासारखा निरुपद्रवी नाही. तो अन्ननलिकेत अडकला तर ओल्या त्वचेशी विजेची क्रिया होऊन अवघ्या दोन तासांत खोल जखम होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. चावी चालवण्याइतकी ताकद नसलेला जुना सेलही हे करू शकतो. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच दवाखाना गाठावा आणि क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. ओकारी काढू नये, खायला देऊ नये. मूल एक वर्षावरचे असेल, त्याला गिळता येत असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे मध देत जावे, सहा वेळांपर्यंत. त्याने जखम काहीशी रोखली जाते. पण मध शोधण्यासाठी एक मिनिटही थांबू नये, आणि वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाताबाहेर ठेवावा आणि मग सेल-बॅटऱ्या घेणाऱ्याकडे द्यावा. चुलीत टाकू नये.

वस्तीवरची रंगीत तालीम

निघण्यापूर्वी आम्ही एक तालीम घेतली. दोन्ही चाव्यांतील सेल काढून ठेवले आणि घरातील प्रत्येकाने गाडी उघडून सुरू करायची, असे ठरवले. सूनबाईंना दोन मिनिटेही लागली नाहीत. आजींनी लोखंडी किल्ली काढली, दार उघडले आणि "मला चालवता येत न्हाई, पण उघडता तर आली" असे म्हणून पदर सावरला. ज्याला साप डसला होता तो पोरगाही तेथे होता. त्यानेही उघडून पाहिले.

आबांनी सर्वांत शेवटी प्रयत्न केला. चावी बटणाला टेकवून गाडी सुरू केली आणि थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "साहेब, हे त्या रातीला ठावं असतं तर..."

जोडीची चावी आता दागिन्यांच्या डब्यात नाही. ती दाराच्या आतल्या खुंटीला असते, हात पुरेल इतक्या पण नातवाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर. आणि दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर सूनबाईंनी सेलचा आकडा आणि बदलल्याची तारीख लिहून ठेवली आहे.

आपणही आज संध्याकाळी एवढे करा. आपल्या चावीतील सेलचा आकडा पाहून लिहून ठेवा आणि लोखंडी किल्ली एकदा बाहेर काढून दाराला लावून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. अडचणीची वेळ सांगून येत नाही.